वित्ताचे शिक्षण : आधी पायरी, मग विद्यापीठ
(औरंगपुरा येथील बैठकीतील भाषण)



एक लाखाचे कर्ज, मुदत तीन वर्षे, व्याज बारा टक्के. एक सावकार पूर्ण रकमेवर तीन वर्षे व्याज लावतो : ३६,००० रुपये. दुसरा दरमहा हप्ता घेऊन उरलेल्या मुदलावरच लावतो : सुमारे १९,५७० रुपये. दोघेही तोंडाने 'बारा टक्के'च म्हणतात. हा फरक ओळखणारे माणूस आपल्या घरात असावे, म्हणून पोरांनी वित्त शिकावे.

शिकायचे कुठे? हलक्या रानात आपण फुले अनुराधा पेरतो, भारी रानात फुले वसुधा. रान पाहून जात ठरते. तसेच पदवीची पायरी पाहून विद्यापीठ ठरवावे.

पहिली पायरी बी.कॉम. जमाखर्च, कर, बँक-व्यवहार यांचा हा पाया. तो पुण्या-मुंबईत वेगळा नसतो. इथे औरंगपुऱ्यातच सरस्वती भुवनचे कला व वाणिज्य महाविद्यालय आहे. आपले मराठवाडा विद्यापीठ १९५८ सालचे; १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. या पायरीवर जवळचे, कमी खर्चाचे, तास नियमित होणारे कॉलेज निवडावे. वाचलेला पैसा पुढच्या पायरीसाठी ठेवावा. सी.ए. व्हायचे तर ती परीक्षा देशभर एकच असते. कॉलेजच्या नावाला तिथे गुण नाहीत.

दुसरी पायरी एम.कॉम. किंवा एम.बी.ए. इथे मात्र जागा मोलाची. रंगीत माहितीपत्रक बाजूला ठेवा. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या चार मुलांना गाठून विचारा : नोकरी कुठे, पगार किती, शिकवले कोणी? एकूण फी आणि वसतिगृहाचा खर्च लेखी घ्या. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असा नियम आहे. सातबारा पुढे करू नका. मुलींसाठी २०२४ चा शासन निर्णयही पाहा : घरचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ठरावीक प्रवर्गांतील मुलींना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे.

तिसरी पायरी पीएच.डी. इथे इमारत नव्हे, मार्गदर्शक निवडायचा. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. शेती कर्जावरचा १९४५ चा अहवाल त्यांच्या समितीचा. १९६९ साली त्यांच्याच अभ्यासगटाच्या शिफारशीतून जिल्ह्याला अग्रणी बँक नेमण्याची योजना पुढे आली. एक अभ्यासक नीट शिकला, तर कर्जाची वाट गावापर्यंत येऊ शकते ती अशी.

बियाण्याची पिशवी घेताना आपण लेबल वाचतो, पावती मागतो. पोराची तीन वर्षे पिशवीपेक्षा महाग आहेत. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तेवढी तरी चौकशी करू या.