वाटीभर शेंगदाणे, तीन पेले दूध

चुलीवरचं आटोपलं का? नसेल तर आटोपता आटोपता ऐका. आज जे सांगणार आहे ते हातानंच करायचं आहे.

परवा एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. चहा आला, तो काळा. घरात दोन म्हशी असूनही चहा काळाच. मी विचारलं, तर घरची ताई हसून म्हणाली, "दूध सकाळीच भट्टीवर गेलं की हो. कपभर ठेवलं होतं, ते नातवाला दिलं." भूम, वाशी, कळंबकडच्या बायांना हे नवं नाही. कुंथलगिरीच्या पेढ्याचं नाव लांबवर आहे. म्हशीचं चार-पाच लिटर दूध आटवावं तेव्हा किलोभर खवा होतो. त्या खव्यावर घरं चालतात, लेकरांच्या फिया भरल्या जातात. म्हणून दूध विकू नका असं मी कोणत्या तोंडानं सांगू? पण दूध काढणारीच्या वाट्याला दूध येत नाही, हे मात्र मला त्या दिवशी फार लागलं.

म्हणून आज शेंगदाण्याचं दूध. नाव ऐकून हसू नका. उपासाला भगरीबरोबर दाण्याची आमटी आपण करतोच. तुळजाभवानीच्या नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या बायांना विचारा, ती आमटी पोटाला किती आधार देते. ही वाट तिथूनच पुढं जाते.

हा शोधही आजचा नाही. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. गुलामीत जन्मलेलं लेकरू, पुढं शेतकऱ्यांचा शिक्षक झालं. १९२१ साली त्यांनी तिथल्या संसदेच्या समितीपुढं शेंगदाण्याचे जे पदार्थ मांडले, त्यात शेंगदाण्याचं दूधही होतं. आपल्याकडं म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं शेंगदाण्यातलं प्रथिन जनावराच्या दुधात मिसळून 'मिल्टोन' नावाचं पेय तयार केलं. हेतू हाच, की थोडं दूध जास्त जणांना पुरावं.

आता कृती सांगते. वाटी एकच धरा, सगळं त्याच वाटीनं मोजा.

एक वाटी शेंगदाणे घ्या. आधी सुपात निवडा, आणि हे काम उजेडात करा. बुरशी आलेला, काळा पडलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा बाजूला काढा. "चार खराब दाण्यांनी काय होतंय?" असं म्हणू नका. ओलसर शेंगांवर जी बुरशी धरते, तिच्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याची बुरशीची पेंड खाऊन एक लाखाच्या आसपास टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा ते विष ओळखू आलं. ते उकळून जात नाही, भाजूनही पुरतं जात नाही. सतत पोटात गेलं तर यकृताचं नुकसान करतं. असे दाणे शेळीला नि कोंबडीलाही घालू नका, सरळ पुरून टाका.

निवडलेले दाणे मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलके गरम करा. खरपूस भाजायचे नाहीत. एवढ्यानं कच्चा वास जातो आणि टरफल सुटतं. गार झाले की चोळून पाखडा. मग भरपूर पाण्यात सहा तास भिजवा. उन्हाळ्यात पाणी मध्ये एकदा बदला, नाहीतर आंबतं. ते पाणी टाकून द्या आणि दाणे दोन वेळा स्वच्छ धुवा.

आता एक वाटी पाणी घालून अगदी मऊ वाटा. मिक्सर असेल तर मिक्सर, वीज गेली असेल तर पाटा-वरवंटा आहेच. गंधासारखं वाटण झालं की आणखी तीन वाट्या पाणी घालून ढवळा. धुतलेल्या सुती फडक्यातून गाळा आणि घट्ट पिळा. वाटी मोठी असेल तर साधारण तीन पेले पांढरंशुभ्र दूध निघेल.

हे कच्चं प्यायचं नाही. जाड बुडाच्या भांड्यात, मंद आचेवर, सारखं ढवळत उकळी आणा. हे दूध तळाला लवकर धरतं आणि फेसही फार येतो, म्हणून भांडं अर्धंच भरा. उकळी आल्यावर आणखी दहा मिनिटं शिजू द्या.

आता चव. साधं वेलदोड्याचं करायचं तर दोन वेलदोडे कुटून उकळतानाच घाला. गूळ मात्र उकळत्या दुधात टाकू नका, फाटू शकतं. थोड्या गरम पाण्यात गूळ विरघळवा, गाळा, आणि दूध कोमट झालं की मिसळा. थंडीत सुंठ आणि चिमूटभर हळद छान लागते. लेकरांना दोन-तीन खजूर भिजवून, वाटून घाला, मग गूळही लागत नाही. माझ्या आवडीचं तिळाचं: दाण्यांबरोबर दोन चमचे भाजलेले तीळ वाटायचे. तिळात कॅल्शियम चांगलं असतं, आणि शेंगदाण्यात नेमकं तेच कमी आहे.

गाळून उरलेला चोथा फेकू नका. धपाट्याच्या पिठात मळा, थालीपिठात घाला, नाहीतर लसूण-तिखट घालून तव्यावर परतून चटणी करा. त्यातही बरंच सत्त्व उरलेलं असतं.

आता माझी फजिती ऐका. पहिल्यांदा हे दूध मी एका बैठकीसाठी नेलं. मे महिना, सकाळी सातला केलेलं, स्टीलच्या डब्यात झाकून नेलं. बैठक सुरू व्हायला दुपारचे बारा वाजले. झाकण काढलं तर आंबूस वास! सगळ्यांसमोर ओतून द्यावं लागलं. तेव्हापासून नियम केला: उन्हाळ्यात केलं की दोन-तीन तासांत संपवायचं. फ्रिज असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत, तेही पुन्हा उकळून. वास बदलला की ओतून द्या, जीव तुटू देऊ नका.

काहीजणी विचारतील, मग जनावराचं दूध बंदच करायचं का? नाही. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे खरं. पण सगळी दुधात उतरत नाहीत. कॅल्शियम गाईच्या दुधापेक्षा बरंच कमी, आणि बी-१२ हे जीवनसत्त्व तर नाहीच. १९१८ साली गांधीजी खेडा जिल्ह्यात फिरताना मुख्यतः शेंगदाण्याचं लोणी आणि लिंबू यांवरच राहत होते. तब्येत पार ढासळली. गाईम्हशीचं दूध न घेण्याचं त्यांचं व्रत होतं. तेव्हा कस्तुरबांनीच मार्ग काढला, की शेळीचं दूध तर व्रतात नाही ना! उस्मानाबादी शेळी ज्यांच्या दारात आहे, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेंगदाण्याचं दूध हा जोड आहे, बदली नव्हे.

तीन गोष्टी गाठ मारून ठेवा. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नाही, हे दूध तर नाहीच. त्यानंतरही वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी हे देऊ नका. आणि शेंगदाणा खाऊन ज्याच्या अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, धाप लागते, त्याला एक घोटही नको. असं झालंच तर लगेच दवाखाना गाठा.

आपल्याकडं सोयाबीन शेतभर आहे, मग त्याचं का नाही? होतं, पण त्याला जास्त जपावं लागतं. रात्रभर भिजवून, साल काढून, वाटून, गाळून, पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळायलाच हवं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनंच मोडतो. पेरणीसाठी औषध लावलेलं बियाणं चुकूनही वापरू नका.

गटानं हे विकायचं मनात आलं तर आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करा. बाटलीवर 'दूध' लिहिता येत नाही, कायद्यानं तो शब्द जनावराच्या दुधासाठी आहे. 'शेंगदाणा पेय' लिहा. पण माझं ऐकाल तर आधी घरच्या पेल्यात ओता.

त्या ताईच्या घरी मी परत गेले होते. चार पेले मांडले. सासूबाईंना दिलं, सुनेला दिलं, नातवाला दिलं. चौथा पेला ती मला देऊ लागली. मी म्हटलं, "हा तुमचा." तर म्हणाली, "मी मागनं पिते." आपलं सगळं मागनंच राहतं, मैत्रिणींनो. मी हटून बसले, तेव्हा तिनं माझ्यासमोर प्याला. शेवटचा घोट घेऊन म्हणाली, "वेलदोडा जरा जास्त झालाय."

उद्या वाटीभर दाणे भिजत घाला. दूध झालं की पहिला पेला स्वतःसाठी काढून ठेवा. आणि वेलदोडा जपून घाला. नमस्कार.