मुक्या हाकेची अग्निसुरक्षा

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाच्या जवानांनी प्राणार्पण केले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. या काळात शाळांतून होणाऱ्या प्रात्यक्षिकांत न बोलणाऱ्या, सावकाश उमजणाऱ्या मुलांचाही विचार व्हावयास हवा.

असे मूल घंटेच्या कर्कश आवाजाने भेदरून कपाटाआड दडते, हाकेला ओ देत नाही आणि मुखवटा घातलेला जवान दिसताच अधिकच मागे सरते. त्याला सूचना सांगून भागत नाही; कृती अंगवळणी पाडावी लागते. चित्रे क्रमाने दाखवावीत, खूण एकच ठेवावी, घंटा प्रथम हळू वाजवावी आणि ठरलेल्या वाटेने ठरलेल्या जागी वारंवार न्यावे. जवानाने मुलांसमोरच मुखवटा चढवून दाखवावा. कर्णबधिरांसाठी दिव्याची उघडझाप हीच घंटा होय. कोणत्या मुलाचा हात कोणी धरावयाचा, हे आधीच ठरलेले असावे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये आपत्तीच्या प्रसंगी समान संरक्षण हा या मुलांचा हक्क आहे. तो कागदावरून वर्गाच्या दारापर्यंत नेणे शिक्षकांच्या व पंचायत सदस्यांच्या हाती आहे.