चौथीची सहल आणि ती बटणं

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आपलं मंडळ दरवर्षी बेळगावातल्या आपल्या मराठी प्राथमिक शाळेला सहलीसाठी देणगी देतं. यंदा कार्यकारिणीनं मला सांगितलं, की पणजीच्या गोवा विज्ञान केंद्राची सहल पुन्हा काढायची आहे, ती कशी काढावी यावर बाईंनी दोन शब्द बोलावेत. मी निवृत्त शिक्षिका. दोन शब्दांत माझं भागत नाही हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आधी माझी चूकच सांगते. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा दोन गाड्या, एकशे दहा मुलं आणि पाच शिक्षक होतो. चोर्ला घाटात निम्मी मुलं ओकली. पोहोचायला उशीर झाला, म्हणून केंद्रात मिळाला जेमतेम सव्वा तास. मुलं आत शिरली आणि जी धावत सुटली! दिसेल ते बटण दाबायचं, हलेल ते हलवायचं आणि पुढे पळायचं. आम्ही शिक्षक दारात उभं राहून डोकी मोजत होतो. परत आल्यावर निबंध लिहायला दिला. सगळ्यांनी समुद्रावर लिहिलं, आइस्क्रीमवर लिहिलं. विज्ञान केंद्राबद्दल एका मुलानं प्रामाणिकपणे एकच वाक्य लिहिलं होतं, ‘तिथे खूप बटणे होती.’

त्या मुलाला मी पाच गुण दिले. आज देते तर दहा दिले असते.

आता अशी केंद्रं निघाली कशी, ते थोडक्यात सांगते. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 1969 साली फ्रँक ओपनहायमर यांनी ‘एक्स्प्लोरेटोरियम’ काढलं. अणुबाँबवाल्या ओपनहायमर यांचे हे धाकटे भाऊ. स्वतः पदार्थवैज्ञानिक, पण राजकीय संशयामुळे विद्यापीठातली नोकरी गेली. मग त्यांनी कोलोरॅडोत गुरं पाळली आणि तिथल्याच गावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. काचेच्या कपाटाआड वस्तू ठेवायच्या नाहीत, बघणाऱ्यानं हात लावायचा, ही त्यांची रीत. आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेची केंद्रं याच वाटेनं गेली. मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र 1985 चं, नागपूरचं रामन विज्ञान केंद्र 1992 चं आणि मिरामारचं आपलं जवळचं केंद्र 2001 चं. पण हात लावणं आणि बटण दाबून पळणं यांत फरक आहे. तो फरक केंद्र करत नाही, सहल आखणारा करतो.

1978 साली जॉन फॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेच्या सहलींचा अभ्यास केला. मूल अगदी अनोळखी जागी गेलं, की त्याचं सगळं ध्यान त्या जागेकडेच जातं, शिकवायचं ते बाजूला राहतं, असं त्यांना दिसलं. हे वाचलं तेव्हा मला माझ्या दोन गाड्या आठवल्या. म्हणून पुढच्या खेपेला आधी आम्ही दोघी शिक्षिका एसटीनं जाऊन आलो. फोटो काढले, ते वर्गात दाखवले. दार कुठं, डबा कुठं खायचा, चपला काढायच्या का, अंधारात बसवून काही दाखवतात ते केवढा वेळ असतं, सगळं सांगितलं. आणि मुतारी कुठं आहे, हे सगळ्यात आधी. हसू नका. ते कळल्याशिवाय आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं लक्ष कशातच लागत नाही.

त्या वेळी फक्त चौथीचा वर्ग नेला. चाळीस मुलं, आठ-आठांचे पाच गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस. सगळं बघायचं नाही, असं आधीच ठरवलं. प्रत्येक गटानं तीनच गोष्टींपाशी थांबायचं. पहिला अर्धा तास मात्र मोकळा सोडला, काय दाबायचं ते दाबून घ्या म्हटलं. तो अर्धा तास दिला नाही तर पुढचं काही होत नाही, हा माझा अनुभव.

वाटेत कणकुंबीला गाडी थांबवली. घाट लागणाऱ्यांना वारा लागावा, म्हणून थांबायचं होतंच, पण तिथं मलप्रभेचा उगम आहे. मुलांना म्हटलं, हे पाणी पूर्वेला जाणार, कृष्णेला मिळणार आणि बंगालच्या उपसागरात पोचणार. आता गाडी थोडी पुढं जाईल, घाट उतरेल, तिथलं पाणी म्हादईला मिळून मांडवीतून पश्चिमेला जातं. दुपारी मिरामारला गेलो, की ती मांडवी समुद्राला मिळताना दिसेल. एका मुलीनं विचारलं, “बाई, पाऊस बरोब्बर मधेच पडला तर?” गाडी सुटेपर्यंत त्यावर वाद चालला. विज्ञान केंद्राला अजून दोन तास होते आणि सहल सुरू झालेली होती.

केंद्रात एका गटाला कप्प्या दिल्या. आपल्या मुलांना ‘पुली’ शब्द पुस्तकातून येतो, पण आजोळच्या विहिरीवरचा रहाट त्यांनी ओढलेला असतो. म्हणून निघण्यापूर्वी वर्गात एवढंच विचारलं होतं, की रहाट नसता तर घागर कशी काढली असती. तिथं दोर ओढून बघितल्यावर त्यांना कळलं, की कप्प्या वाढल्या तर जोर कमी लागतो. मग एक पोरगा, गणितात नेहमी मागं असणारा, सुतळी घेऊन मोजायला बसला. बराच वेळ. शेवटी म्हणाला, “जोर कमी लागतोय बाई, पण दोर किती ओढावा लागतोय! फुकट काय मिळंना.” मला त्याला तरफेचाही धडा शिकवायचा होता, पण मी गप्प बसले. शिक्षकानं गप्प बसणं ही सहलीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. पाटी वाचून दाखवायची आपल्याला फार घाई असते.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी निबंध घेतला नाही. कप्प्यावाल्यांनी दोऱ्याची रिळं आणि खराटा घेऊन वर्गात कप्प्या केल्या. समोरासमोरच्या दोन मोठ्या तबकड्यांपाशी कुजबुजून बोलणाऱ्या गटानं घरून छत्र्या आणल्या आणि व्हरांड्यात तसंच जमतं का ते बघितलं. फारसं जमलं नाही. का जमलं नाही, यावर आठवडा गेला.

आता पैशाचं. इथं मला जरा जड जातं. त्या पहिल्या सहलीच्या वेळी मी वर्गात म्हटलं होतं, “ज्यांचे पैसे आले नाहीत त्यांनी उभं राहा.” तिघं उभे राहिले. दोघांचे पैसे नंतर आले. तिसरी मुलगी सहलीच्या दिवशी शाळेतच आली नाही आणि दुसऱ्या दिवशी तिनं ताप आल्याचं सांगितलं. तिला ताप नव्हता, हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे, हे तिलाही. ती पुढे सातवीपर्यंत शाळेत होती, पण माझ्याकडे शंका विचारायला कधी आली नाही.

तेव्हा मंडळाला माझं सांगणं असं. तुमची देणगी ‘जास्तीत जास्त मुलांना’ या हिशेबानं देऊ नका. दोन गाड्या भरल्या, की फोटो छान येतो, स्मरणिकेत छापताही येतो. पण मग काही मुलं राहिली त्यांचं काय, असं विचाराल. बरोबर आहे. त्याला माझं उत्तर एवढंच, की दरवर्षी चौथीच न्या, म्हणजे शाळेतल्या प्रत्येक मुलाची पाळी एकदा येते. आणि कमी पडणारे पैसे मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात द्या. कुणासाठी, ते शिक्षकालाही कळायची गरज नाही. वर्गात यादी वाचायची नाही, पाकीट देणाऱ्याचं नावही नाही.

बाकी किरकोळ. पाऊस संपल्यावर, डिसेंबर-जानेवारीत जा, चोर्ल्याचा रस्ता कसा आहे याची आधी चौकशी करा. केंद्राला शाळेचं पत्र आधी पाठवा, वेळा आणि सवलत फोनवरून विचारून घ्या. सकाळी पोटभर न्याहारी नको. आल्याच्या वड्या, लिंबं आणि ओकायच्या पिशव्या चाळीस मुलांमागे साठ घ्या. समुद्र शेवटी ठेवा, आधी दाखवलात तर केंद्रात कुणी येणार नाही.

यंदाची सहल जानेवारीत आहे. पाच गटांना पाच मोठी माणसं लागतात, शिक्षक दोनच आहेत. आज आरती झाल्यावर मी इथं वही घेऊन बसणार आहे. ज्यांना घाट लागत नाही आणि मुलांना उत्तर न सांगता अर्धा तास गप्प बसता येतं, अशा तिघांनी नावं द्यावीत.