प्रीतीच्या आणि भीतीच्या कादंबऱ्या
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्यांवर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यवाहांनी आम्हांस केली, तेव्हा भोजनापूर्वीचा पाव तास कसातरी भरून निघावा एवढाच त्यांचा हेतू असावा. मसालेभाताचा सुवास मंडपात दरवळत असताना वाङ्मयचर्चा ऐकणे ही श्रोत्यांची कसोटीच आहे, हे आम्ही जाणतो. परंतु वाचता वाचता विषय असा निघाला की, तो या मंडपापासून फारसा दूर राहिला नाही. म्हणून थोडे सबुरीने घ्यावे, ही विनंती.

घरातील तरुण मंडळींच्या आग्रहावरून आम्ही गेल्या दोन-तीन वर्षांत दोन जातींच्या कादंबऱ्या वाचल्या. (जात हा शब्द येथे केवळ प्रकार या अर्थी घ्यावा.) एक प्रीतिकथांची आणि दुसरी, इंग्रजीत जिला ‘डिस्टोपियन’ म्हणतात तिची, म्हणजे रामराज्याच्या नेमके उलट राज्य कल्पून तेथे माणसाची काय गत होईल हे सांगणाऱ्या कादंबऱ्यांची. पहिल्या वाचून सुखाची झोप यावी आणि दुसऱ्या वाचून ती उडावी, अशी आमची समजूत होती. ती टिकली नाही. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आम्हांस दिसू लागला : कोणी कोणावर प्रेम करावे, हे ठरविणार कोण?

या प्रश्नाचे मूळ जुने आहे. येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाने क्रांतीनंतर थोड्याच वर्षांत ‘आम्ही’ नावाची कादंबरी लिहिली. ती प्रथम १९२४ साली इंग्रजी भाषांतरात प्रसिद्ध झाली. लेखकाच्या स्वतःच्या देशात छापली जाण्यास १९८८ साल उजाडावे लागले. तीतील माणसांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची, आणि पडदे ओढावयाचे तर गुलाबी चिठ्ठी दाखवावी लागते. १९४९ सालच्या जॉर्ज ऑरवेलच्या ‘१९८४’ विषयी बरेच बोलले जाते, पण ती मुळात एक प्रीतिकथा आहे हे सांगणारा आम्हांस क्वचितच भेटला. छळाच्या खोलीत उंदरांचा पिंजरा तोंडाशी येताच विन्स्टन आपल्या जागी ज्यूलियास पुढे करतो. पुढे दोघे भेटतात, परस्परांचा घात केल्याचे परस्परांस सांगतात आणि आपापल्या वाटेने जातात. इतका करुण वियोग आम्ही एकाही शृंगारिक कादंबरीत वाचलेला नाही.

आता अलीकडच्यांकडे वळतो. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांनी १९८५ साली ‘द हँडमेड्स टेल’ या कादंबरीत गिलियाड नावाचे एक राज्य कल्पिले. तेथे स्त्रियांस वाचण्याचीही बंदी आहे. चौतीस वर्षांनी, २०१९ साली, त्यांनी ‘द टेस्टामेंट्स’ हा पुढील भाग लिहिला आणि त्यास त्या वर्षीचे बुकर पारितोषिक विभागून मिळाले. पहिला ग्रंथ अधिक श्रेष्ठ आहे, असे आमचे मत. दुसऱ्यात योगायोग फार आहेत आणि शेवटची धावपळ तर चित्रपटास शोभणारी आहे. पण आम्हांस अस्वस्थ केले ते दुसऱ्याने. तीत अ‍ॅग्नेस नावाची जेमतेम तेरा वर्षांची मुलगी आहे. तिच्यापुढे तीन स्थळे मांडली जातात, निवड मात्र आधीच झालेली असते : ज्याच्या बायका एकामागून एक दगावल्या असा एक वजनदार वृद्ध. तिच्या मैत्रिणीला विवाहाची इतकी धास्ती वाटते की, ती झाडे छाटावयाच्या कात्रीने स्वतःचे मनगट कापून घेते. आणि ही लग्ने जुळविणाऱ्या ज्या ‘मावश्या’ आहेत, त्यांच्यापाशी सर्व घराण्यांच्या वंशावळींचे एक दप्तर आहे. कोण कोणाचे, हे त्या दप्तरासच ठाऊक.

हे दप्तर वाचताना आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. कारण अशाच एका दप्तराशी आमचा अनेक वर्षांचा परिचय आहे. आपल्या वधूवर सूचीची पाने आम्ही स्वतः लिहून काढली आहेत : नाव, गोत्र, उंची, वर्ण, शिक्षण, पत्रिका, अपेक्षा. गैरसमज नसावा. आपली सूची म्हणजे गिलियाड नव्हे. येथे कोणावर सक्ती नाही, आणि याच सूचीतून जुळलेली व सुखाने नांदणारी कितीतरी जोडपी आज समोर बसली आहेत. पण एक गोष्ट आमच्या वारंवार नजरेस आलेली आहे. ‘अपेक्षा’ हा रकाना बहुधा वडिलांच्या अक्षरात भरलेला असतो.

काझुओ इशिगुरो यांच्या २००५ सालच्या ‘नेव्हर लेट मी गो’ या कादंबरीचा उल्लेख केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. आपले अवयव दुसऱ्यांस देण्यासाठीच वाढविलेली मुले तीत आहेत. त्यांच्यात एक वदंता असते की, दोघांचे प्रेम खरे आहे असे सिद्ध झाले तर काही वर्षांची सवलत मिळते. कॅथी आणि टॉमी आपल्या प्रेमाचा पुरावा म्हणून टॉमीने काढलेली चित्रे घेऊन जातात. तेथे त्यांस सौम्य शब्दांत कळते की, अशी सवलत कधी नव्हतीच. कोणी त्यांच्यावर ओरडत नाही, कोणी मारीत नाही. आम्हांस ते ऑरवेलच्या उंदरांहून भयंकर वाटले.

निखळ प्रीतिकथांपैकी पुष्कळ आम्ही अर्धवट सोडल्या. नायक गर्भश्रीमंत, नायिका मानी, मध्यंतरात भांडण, पुढे पाऊस आणि अखेर विवाह. फडक्यांच्या वाचकांस यात नवीन ते काय सापडणार! सॅली रूनी या आयरिश लेखिकेची २०१८ सालची ‘नॉर्मल पीपल’ मात्र शेवटपर्यंत वाचली. संवादांस अवतरणचिन्हे नाहीत, त्यामुळे कोण बोलले हे शोधताना डोळे शिणतात. आणि काही प्रसंग असे की, पुस्तक बैठकीच्या खोलीत ठेवण्याचा संकोच वाटला. पण कथेचा गाभा खरा आहे. मारियन संपन्न घरातील. कॉनेलची आई तिच्या घरी साफसफाईस जाते. दोघांचे प्रेम जमते, पण शाळेत मारियनची टवाळी होते म्हणून कॉनेल ते दडवितो आणि शाळेच्या निरोपाच्या नृत्यास दुसऱ्याच मुलीस बोलावितो. मागाहून त्यास कळते की, सगळ्यांना सगळे ठाऊक होते आणि कोणास त्याचे फारसे काही वाटले नव्हते! येथे ना शासन, ना पहारेकरी. ‘लोक काय म्हणतील’ एवढ्यावर सारे काम भागले.

आता ज्या पुस्तकासाठी हे सर्व बोललो, त्याकडे येतो. प्रयाग अकबर यांची ‘लैला’ ही इंग्रजी कादंबरी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीवरील चित्रमालिका पुष्कळांनी पाहिली असेल, पण पुस्तक निराळे आहे आणि आमच्या मते अधिक संयत आहे. स्थळ आपलाच देश, काळ नजीकचा. शहरात उंच भिंती उठल्या आहेत. प्रत्येक ज्ञातीची स्वतंत्र वस्ती, स्वतंत्र दरवाजे. शुद्धतेच्या नावाने टोळ्या फिरतात. शालिनीने परधर्मीय रिझशी विवाह केला, म्हणून मुलीच्या तिसऱ्या वाढदिवशी तिचा पती आणि तिची लैला दोघेही तिच्यापासून हिरावली जातात. सोळा वर्षे ती त्या मुलीस शोधीत आहे. दर वाढदिवसास ती भिंतीपाशी जाते, छोट्या खुरप्याने माती उकरते आणि दोन मेणबत्त्या लावते. भाषा काही ठिकाणी अकारण अवघड आहे, आणि भिंती कोणी व कशा बांधल्या हे लेखकाने अधिक सांगावयास हवे होते. तथापि न सांगण्यातही एक मर्म असावे. त्या कोणा जुलमी राजाने बांधलेल्या नाहीत. ज्या त्या ज्ञातीने आपापल्या बांधल्या आहेत.

आपल्या ज्ञातीत असे काही नाही, असे आपण म्हणाल. जातपंचायतींच्या बहिष्कारास आळा घालण्यासाठी महाराष्ट्रास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या कायद्याचे काम पडावे असे आपल्या संस्थेने काही केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पण वाळीत टाकण्याचे सौम्य प्रकारही असतात, आणि त्यांपैकी एक आमच्याच हातून घडलेला आहे.

काही वर्षांपूर्वी या वार्षिक अंकातील ‘शुभवार्ता’ हे सदर आमच्याकडे होते. एका सभासदांनी मुलीच्या विवाहाचे चार ओळींचे टिपण पाठविले. जावई ज्ञातीबाहेरचे होते. छापू नका, असे आम्हांस कोणीही सांगितले नव्हते. अध्यक्षांनी नाही, समितीने नाही. कॉनेलप्रमाणे आम्हीच मनाशी ठरविले की लोकांस आवडणार नाही, आणि टिपण बाजूस ठेवले. विचारणा झाली तेव्हा ‘जागेअभावी राहिले’ असे उत्तर दिले. त्या अंकाचे शेवटचे अर्धे पान कोरे होते. त्या सद्गृहस्थांनी वर्गणी कधी चुकविली नाही, पण त्यानंतर ते संमेलनास आले नाहीत.

‘लैला’ संपविल्यावर आम्ही जुनी कागदपत्रे काढून बसलो. टिपण सापडले. ते घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि जे झाले ते जसेच्या तसे सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी चहा सांगितला, टिपण हाती घेतले आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढविली : नातीस यंदा शाळेत घातले.

ते टिपण आम्ही संपादकांच्या स्वाधीन केले आहे. जागा अपुरी पडल्यास आमच्या या भाषणातील मजकूर कापावा, असेही त्यांस सांगून ठेवले आहे.