आलं, सुंठ आणि उसाचं पेर

नागपूरच्या इतवारी बाजारात सुंठ किराणा दुकानात मिळते आणि आलं भाजीवाल्याकडे. वस्तू एकच, एक ओली, एक वाळलेली, आणि नावंही तिला याच दोन अवस्थांवरून मिळाली.

संस्कृतात आर्द्र म्हणजे ओलं, म्हणून आर्द्रक. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने प्राकृत व्याकरणात आर्द्र शब्दाची उल्ल, ओल्ल, अल्ल, अद्द अशी रूपं नोंदवली आहेत. ओल्लपासून आपलं ‘ओलं’ आलं आणि अल्लपासून ‘आलं’. ‘द्र’चा ‘ल्ल’ होण्यात नवल नाही, भद्रचाही भल्ल होऊन ‘भला’ झाला. हिंदीने मात्र ‘द’ सांभाळला, म्हणून अदरक. सुंठ ही शुण्ठी, आणि पाणिनीय धातुपाठात ‘शुण्ठ्’ हा धातू वाळण्याच्याच अर्थाने दिला आहे.

जगभर गेलं ते तिसरंच नाव, शृंगवेर. पालीत सिंगिवेर, ग्रीकांकडे झिंगिबेरिस, अरबीत झंजबील, इंग्रजीत जिंजर. पंडितांनी त्याची फोड शृंग म्हणजे शिंग आणि वेर म्हणजे शरीर, अशी केली. आल्याच्या गड्ड्याचे फाटे पाहिले की ती खरीही वाटते. पण तमिळ-मलयाळममध्ये आल्याला ‘इंजि’ म्हणतात आणि ‘वेर’ म्हणजे मूळ. शब्द दक्षिणेतून आला आणि शिंगाची कल्पना त्यावर मागाहून बसवली, हेच मत मला पटतं.

आता, आलं हे मूळ आहे का? नाही, ते जमिनीत आडवं वाढणारं खोड आहे. त्याला पेरं असतात, पेरांवर खवले आणि डोळे असतात. मुळाला असे डोळे नसतात. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत अशा खोडाला ‘मूलक्षोड’ म्हणतात, त्यातही ‘मूल’ चिकटून राहिलंच! शेतकऱ्याचा शब्द मला जास्त नेमका वाटतो. वायगावची हळद असो, आलं असो की ऊस, तो डोळे पाहून ‘बेणं’ निवडतो. तिन्ही खोडंच आहेत, हे त्याच्या हाताला ठाऊक असतं.

खोडाच्या शब्दांनी तर आपले ग्रंथ मांडले. उसाचं कांडं म्हणजे संस्कृतातलं काण्ड, रामायणाची 7 कांडं. पेर, सांधा म्हणजे पर्वन्, महाभारताची 18 पर्वं. बोटाचं पेरही पर्वन्, आणि दोन पंधरवडे जिथे जुळतात ती अमावास्या-पौर्णिमाही पर्वन्. त्यातूनच आपली पर्वणी आली. झाडाचं खोड जिथून फांद्या फुटतात तिथपर्यंत स्कंध, भागवताचे 12 स्कंध. माणसाचा खांदाही त्याच शब्दातून आला. इतका मोठा वाङ्मयपसारा सांधेसांध्यांनी वाढतो, हे ज्यांना सुचलं त्यांनी वाढतं झाड निरखून पाहिलं असणार.

आपल्या वऱ्हाड-नागपुरातही ही नजर आहे. ज्वारीचं उभं, हिरवं असतं ते ताट, कापून वाळवलं की तोच कडबा. तुरीच्या वाळक्या काड्या म्हणजे तुराटी, कपाशीची पऱ्हाटी. असे शब्द गावागणिक बदलतात आणि कोशात सगळे आलेले नाहीत. उरलेला वेळ मी तुमच्यासाठी ठेवला आहे. तुमच्या गावी मिरचीच्या, जवसाच्या, धानाच्या खोडाला काय म्हणतात, ते मला सांगा. मी लिहून घेतो.