चार्ज

सेवानिवृत्तीच्या दिवशी माणसाच्या गळ्यात हार पडतो, हाती शाल आणि नारळ येतो, आणि कचेरीतील मंडळी त्याच्या गुणांचे असे काही वर्णन करतात की, हे सारे पूर्वीच कळते तर बढतीच्या अर्जाला जोडता आले असते, असे त्याला वाटून जाते. त्याआधी दुपारी एक रूक्ष विधी उरकलेला असतो. कपाटे किती, किल्ल्या किती, तुंबलेली प्रकरणे किती, हे सारे लिहून खाली दोन सह्या होतात. एक चार्ज देणाराची, दुसरी घेणाराची. उभ्या नोकरीचा कारभार असा दोन पृष्ठांत मावतो. पण घरी परतलेल्या या माणसाला कोणी चार्ज देत नाही. सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

ग्वाल्हेरात पेन्शनरांना तोटा नाही. १८१० साली दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ जेथे पडला, त्या जागी शहर वसले, तरी त्याचे नाव लष्करच राहिले. फौजेमागून मराठी कारकून आले, त्यांच्यामागून त्यांचे संसार आले, आणि मराठी वाड्याचा हिंदी जिभेवर 'बाडा' झाला. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १९५६ साली मध्यप्रदेश निर्माण होऊन राजधानी भोपाळला गेली. महालेखाकारांची कचेरी आणि महसूल मंडळ मात्र ग्वाल्हेरातच राहिले. जेथे इतकी दप्तरे, तेथे दप्तराबाहेर पडणारी माणसेही तितकीच असायची.

महाराज बाड्यालगतच्या टोपी बाजारात, एका जुन्या माडीवर, असेच एक गृहस्थ राहतात असे समजा. नातवंडे त्यांना आबा म्हणतात म्हणून गल्लीही आबा म्हणते. बाजाराच्या नावात टोपी राहिली आहे. डोक्यावर ती घालणारा मात्र आता विरळा. आबांचा जन्म हिशेब तपासण्यात गेला. १९९८ साली केंद्र सरकारने निवृत्तीचे वय अठ्ठावन्नावरून साठावर नेले, तेव्हा तीच दोन वर्षे जास्त मिळाली म्हणून आबा खूश झाले होते. घरात आजी काही बोलल्या नाहीत. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची कल्पना त्यांना बहुधा तेव्हाच आली असावी.

निवृत्तीनंतर पहिला आठवडा झोपेत गेला. दुसऱ्या आठवड्यात आबांनी स्वयंपाकघराची तपासणी हाती घेतली. गॅसचे नळकांडे गेल्या खेपेपेक्षा चार दिवस आधी का संपले? तूरडाळ दोन डब्यांत का? दूधवाल्याच्या खाड्यांची नोंद भिंतीवर कोळशाने कशासाठी, वही नाही काय? आजींनी चार-दोन आक्षेपांचा खुलासा केला. मग त्या म्हणाल्या, "अहो, ही भिंत तुमच्या नोकरीच्या आधीपासून हिशेब ठेवते आहे. एकदा तरी चूक सापडली का?" आबांनी बेरीज करून पाहिली. ती बरोबर निघाली. तपासनिसाला याहून मोठी निराशा नाही.

खरी अडचण दुपारची होती. अडतीस वर्षे दुपारी दोन ते चार हा काळ आजींचा स्वतःचा होता. त्या वेळी पाठ टेकावी, मासिक चाळावे, समोरच्या माडीवरील बाईशी कठड्यावरून दोन शब्द बोलावे. आता त्या दोन तासांत आबा घरात असत, आणि दर वीस मिनिटांनी त्यांना काहीतरी सापडत नसे. चष्मा, कात्री, कालचे वर्तमानपत्र, सुपारी. कचेरीत घंटी वाजवली की शिपाई येई. घरी घंटी नसल्यामुळे 'अगं' हा शब्द त्या कामी येई. सेवानिवृत्ती एकाची होते आणि दुसऱ्याचे काम त्याच दिवसापासून वाढते, ही गोष्ट कोणत्याच निरोपसमारंभात कोणी बोलत नाही.

सकाळी मात्र आबांचा उपयोग होई. बाड्यावर फेरी मारून परतताना ते क्वचित बेडई आणि जिलेबी घेऊन येत. तेवढ्या दिवशी तपासणी तहकूब असे.

नोव्हेंबर महिना पेन्शनरांच्या पंचांगात मोठा. या महिन्यात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. २०१४ सालापासून हे काम अंगठ्याच्या ठशावर यंत्राद्वारे होऊ लागले. यातील गंमत आबांना पहिल्यापासून बोचे. निरक्षराने अंगठा उठवावा आणि साक्षराने सही करावी, एवढ्यासाठी वडिलांनी त्यांना शाळेत घातले. आणि उतारवयात सरकार म्हणते, अंगठाच आणा. परवाच्या नोव्हेंबरात तर यंत्राने तोही नाकारला. वयाने कातडी कोरडी पडते, रेषा पुसट होतात. तीनदा हात पुसून अंगठा टेकला, तिन्ही वेळा आबा जिवंत असल्याचे सिद्ध झाले नाही. आजी शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "यंत्राला म्हणावं, दुपारी घरी ये. मी दाखवते." २०२१ पासून चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते. अखेर तसे झाले, आणि आबा आणखी एका वर्षापुरते जिवंत ठरले.

बँकेतील तरुण कारकून भला होता. त्याने समजावून सांगितले की, ऐंशी वर्षे पूर्ण होताच मूळ निवृत्तिवेतनावर २० टक्के वाढ मिळते, ती पुढे चढत जाते आणि शंभरीला मूळ रकमेइतकीच रक्कम वर मिळते. आबांना हे सारे तोंडपाठ होते. त्यांनी ऐकून घेतले. मग तो आजींकडे वळला. खाते दोघांच्या नावे होते, पण आजींची सही फार जुनी होती. "माताजी, एक नवी सही द्या," असे म्हणून त्याने कागद पुढे केला.

आजींनी जुन्या कार्डाकडे पाहिले. त्यावर ठसठशीत अक्षरात 'सौ.' पासून सुरुवात होती. लेखणी हातात धरून त्यांनी विचारले, "पुढे हीच सही चालेल ना? नंतरही?"

कारकून हिंदीभाषक. 'सौ.' म्हणजे काय, हे त्याला ठाऊक नव्हते. म्हणून त्याने आबांकडे पाहिले. हजारो कागदांवर आक्षेप काढलेल्या आबांना त्या एका अक्षराविषयी काही बोलता आले नाही. आजींनी क्षणभर वाट पाहिली आणि नुसते नाव लिहिले. 'सौ.' गाळले.

परतताना टोपी बाजाराच्या गर्दीत दोघे पुढेमागे चालत होती. कुटुंब-निवृत्तिवेतन नेहमीच्या दराने शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, ते कसे मागायचे, पेन्शनच्या आदेशाचा क्रमांक कोणत्या कागदावर आहे, तो कागद कोठे आहे, यांपैकी एकही गोष्ट आजींना आपण कधी सांगितली नाही, हे आबांना त्या गल्लीत उमगले. जोडखाते असल्याने पुढचे काम सोपे होते हे खरे. पण सोपे काम कसे करायचे हेही कोणीतरी सांगावेच लागते. ती वाईट गोष्ट आताच कशाला बोला, असे म्हणत त्यांनी ती वर्षानुवर्षे टाळली होती. बहुतेक घरांत ती अशीच टळते.

त्या रात्री आबांनी एक वही काढली. खाती, मुदतीच्या ठेवी, विमा, घरपट्टी, विजेचे देयक, आदेशाचा क्रमांक. वळणदार अक्षरात सारे उतरले. खाली रेघ ओढून एकीकडे 'चार्ज दिला' आणि दुसरीकडे 'चार्ज घेतला' असे लिहून त्यांनी वही आजींपुढे ठेवली. आजींनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतले. आबांनी चार वेळा घड्याळाकडे पाहिले.

"कपाटाची किल्ली कुठे आहे ते लिहिलेलं नाही," आजी म्हणाल्या. "ही दुसरी ठेव कोणत्या बँकेत, तेही नाही. आणि असा एकतर्फी चार्ज मी घेणार नाही. मिसळणाच्या डब्यात मोहरी कोणती आणि मेथी कोणती, ते आधी ओळखून दाखवा."

आबा उठले. डबा उघडून त्यांनी बराच वेळ पाहिले, आणि बोट ठेवले ते जिऱ्यावर.

वही सध्या त्याच फळीवर, डब्याशेजारी आहे. किल्लीची नोंद झाली आहे, ठेवीचीही. आबा दुपारी दोन वाजता स्वतःचा चहा स्वतः करतात आणि साखर कोठे आहे हे विचारण्यासाठी आजींना उठवत नाहीत. चहा बहुतेक वेळा अगोड होतो. सह्यांच्या दोन्ही जागा अजून कोऱ्या आहेत.