कूलर, काळी माती आणि खिशातला मिस्त्री



घरातली बारीकसारीक दुरुस्ती शिकवणारा मिस्त्री आता आपल्या खिशातच असतो. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि आर्णी-दिग्रसकडच्या खेड्यातला तरुणही नळाचा वॉशर बदलण्यापासून गळका स्लॅब बुजवण्यापर्यंत सारे काही व्हिडिओ पाहून करू लागला. मला याचे कौतुकच वाटते. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा ट्रेड शिकवण्यात माझी वर्षे गेली. फळ्यावर अर्धा तास समजावूनही जे मुलांच्या डोक्यात शिरत नसे, ते आता पाच मिनिटांत डोळ्यांना दिसते. दाराचे बिजागर किंवा भिंतीचा रंग बिघडला तर फार तर पैसे आणि एक रविवार वाया जाईल. कूलरचे मात्र तसे नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. एप्रिल लागला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, वाळा किंवा गवताच्या ताट्या बदलतात, पंप फिरतो की नाही ते पाहिले जाते. हे काम विदर्भात घरचीच माणसे करतात. आणि दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून कुणी दगावल्याची बातमीही विदर्भात कुठून तरी येतेच. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय. पंपाच्या वायरचे आवरण झिजले की वीज बॉडीत उतरते, आणि पाणी भरायला बहुधा घरातली बाई किंवा मूल जाते.

अशा वेळी मोबाइलवर जे सापडते ते कुठले आहे, हे आधी पाहावे. अमेरिकेतल्या व्हिडिओत काळी वायर दिसली तर ती जिवंत असते. आपल्या घरातल्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल, आणि लाल, पिवळी, निळी या फेजच्या. ब्रिटनमध्ये निळी न्यूट्रल असते. शिवाय तिकडे अमेरिकेत घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. शिकवणारा खोटे सांगत नसतो. तो त्याच्या घराबद्दल सांगत असतो. म्हणून शोधताना ‘भारत’, ‘२३० व्होल्ट’ असे शब्द जोडावेत. मराठीत कमी सापडले तर हिंदीत विचारावे, पुष्कळ मिळते. आयटीआयची पुस्तके केंद्र सरकारच्या ‘भारत स्किल्स’ या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यात गंमत कमी, पण अंदाजपंचे काही नाही.

आपल्याच देशातले काही ‘जुगाड’ तर परदेशी सल्ल्याहून वाईट. एक नेहमी दिसतो : घरात अर्थिंग नाही ना, मग सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडून टाका! कूलर चालतो, टेस्टरही पेटत नाही, सगळे खूश. पण पुढे कुठे न्यूट्रल तुटला की पंप आणि मोटारीतून आलेली वीज त्याच जोडाने थेट कूलरच्या पत्र्यावर येते. हे करू नका, कुणी केलेले असेल तर काढून घ्या.

एमसीबी बसवली म्हणजे माणूस सुरक्षित, असाही समज आहे. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणसासाठी आरसीसीबी लागते. घरात ३० मिलिअँपियरची बसवतात. वीज अंगातून किंवा बॉडीतून जमिनीत गळू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. तिच्यावर एक बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून ती पडते का बघावे.

आता आपल्या मातीची गोष्ट, जी मला अजून एकाही व्हिडिओत भेटलेली नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे, आणि घराच्या जोत्यावर, खिडकीच्या कोपऱ्यांवर तिरपे तडे जातात तेही पुष्कळदा यामुळेच. असा तडा नुसत्या सिमेंटने बुजवला की पुढच्या वर्षी पुन्हा उघडतो. आधी पेन्सिलने त्याच्या टोकांवर खूण करून तारीख टाकावी, वर्षभर पाहावे. जोत्यालगत पाणी साचू देऊ नये. तडा वाढतच असेल तर इंजिनिअरला दाखवावा.

हीच माती अर्थिंगच्या खड्ड्याभोवती असते. ओली असताना ती वीज छान वाहून नेते. कोरडी पडून फाटली की पाइपला सोडते आणि अर्थिंग नावापुरते उरते. म्हणजे कूलर ज्या दोन महिन्यांत रात्रंदिवस चालतो, नेमक्या त्याच महिन्यांत अर्थिंग सर्वांत दुबळे! यवतमाळात पाणीटंचाईच्या दिवसांत खड्ड्यात पाणी ओता म्हणणे जिवावर येते, हे मला कळते. पण भांडी धुतलेले पाणी चालते. आठवड्याला दोन बादल्या पुरेत.

पंप बदलायचा असेल तर खुशाल व्हिडिओ पाहा, मात्र प्लग आधी उपसून ठेवा. कूलरचा प्लग तीन पिनांचाच हवा. पाणी भरतानाही बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. मीटरजवळचे काम आणि अर्थिंगची मोजणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. तो आला की खड्डा नेमका कुठे आहे ते दाखवून घ्या. पुष्कळ घरांत तो अंगणातल्या नव्या फरशीखाली गेलेला असतो.